बेहच्या बुडाशी

ताफ्त, ५ उर्दिबेहेश्त

सीमीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फोडशील की तसंच बाजूला ठेवशील, मला ठाऊक नाही. फोडलं असशील तर आधीच सांगतो, मी समेट करायला बसलेलो नाही. तुझ्या लग्नाबद्दल मला जे बोलायचं होतं ते चार वर्षांपूर्वी बोलून झालं आहे आणि तुझ्या नवऱ्याचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. मला एका जाणकाराचा सल्ला हवा आहे. आमच्या ओळखीत झाडापाण्याचं शास्त्र शिकलेली तू एकटीच, आणि तिकडे व्हँकुव्हरच्या रोपवाटिकेत तुला त्याबद्दल पगार मिळतो असं तुझी मावशी सांगते. म्हणजे सल्ला बरा असणार.

पहिली गोष्ट हौदाची. नवरोजला घरोघर काचेच्या भांड्यात ठेवलेले लाल मासे तेराव्या दिवशी सगळी आळी आपल्याच हौदात आणून सोडते, हे तू विसरली नसशील. यंदाही सोडले. आठवडा गेला नाही तोच एकेक करून सगळे पोट वर करून तरंगायला लागले. पाणी दिसायला स्वच्छ आहे, वास नाही, पण हात बुडवला की बोटं बुळबुळीत होतात, साबण लागल्यासारखी. लोक काही बोलले नाहीत. शेजारची दौलत तेवढी बोलली, ती बोलल्याशिवाय राहते थोडीच. म्हणाली, "मास्तरांच्या हाताखाली आता मासेसुद्धा नापास व्हायला लागले."

दुसरी गोष्ट बेहच्या फळझाडाची. तुझ्या जन्माच्या वर्षी तुझ्या आईने लावलेलं ते झाड. यंदा फूल बरं आलं, पण पालवी फुटली तीच पिवळी. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पान पिवळं. इथले बागवान त्याला केवडा पडला म्हणतात आणि खांदे उडवतात. शेंड्याची पानं तर पांढरी पडून कडेने करपायला लागली आहेत.

झाडं मरतात, मी काही रडणारा माणूस नाही. पण तुझ्या आईने या झाडाचा ध्यास घेतला आहे. तू निघालीस त्या दिवशी दारात तिने तुझ्या पिशवीत बेहच्या मुरंब्याची बरणी कोंबली आणि तू तिला म्हणालीस, "पुढचं बेह इथे येऊन खाईन." तू सहज म्हणालीस. तिने ते गाठीला बांधून ठेवलं. आता म्हणते, झाड जगलं तर पोर येईल आणि झाड गेलं तर येणार नाही. मी तिला म्हटलं, पोरी विमानाने येतात, झाडावर बसून येत नाहीत. त्यावर दोन दिवस ती नीट जेवली नाही.

तर झाड वाचवायचं आहे. काय करावं ते कळव. तुझी आई ठीक आहे.

तीरअंदाज
निवृत्त मुख्याध्यापक

ताफ्त, ९ खोर्दाद

सीमीन,

तुझं उत्तर आणि तपासणीच्या पट्ट्यांची डबी मिळाली. रोपवाटिकेच्या छापील चिठ्ठीवर मोजून पाच ओळी. ना प्रिय, ना सलाम, गिऱ्हाइकाला लिहावं तसं. मला चालतं. मी विचारलं होतं तेवढं तू सांगितलंस.

तुझ्या आईला मात्र चालत नाही, म्हणून मी तिला वाचून दाखवताना वर दोन शब्द घातले. "प्रिय आई, तुझ्या हातच्या वाटीभर गरम आशची आठवण येते" असं वाचलं आणि मग खाली तुझं सिमेंट, शेवाळ आणि सामू. ती म्हणाली, पोर अगदी बापावर गेली, आईच्या आठवणीनंतर लगेच सिमेंट.

आता हिशेब. पट्टीवर सात म्हणजे मध्यम, खाली गेलं की आंबट, वर गेलं की चुन्याकडे. इतपत मीही शाळेत शिकवलं आहे. हौदाच्या पाण्याचा आकडा पहाटे साडेनऊ, संध्याकाळी त्याहून वर. पट्टी जांभळी होते. बेहच्या बुडाची माती पाण्यात कालवून बघितली तर तीही नऊच्या वर. डाळिंबांच्या बुडाशी आठ, जी आपल्या भागात कुठेही असते. तुमच्याकडे पाऊसच इतका की माती आंबट होते म्हणे. इथे पाऊस नाही आणि खाली सगळा चुनखडीचा दगड. आपली माती जन्मतःच चुन्याची, पण एवढी कधी नव्हती.

तू विचारलंस, हौद नवीन केला का. हो. गेल्या पानगळीला उस्ता गुलामने आतून सिमेंटचा हात मारला आणि आम्ही धुतल्या-न धुतल्यासारखं करून पाणी भरलं. तेव्हा तुझं बरोबर आहे, चुना पाझरतोय. आणि तू विचारलंस, झाडाच्या बुडाशी काही घालता का. शेणखत, दुसरं काही नाही. सदेच्या होळीची राख घातली होती थंडीत, पण ती तर ओंजळभर, आणि ती काय, सगळी आळीच आपापल्या झाडांना घालते. बाजूच्या झाडाला बाधली नाही ती आपल्यालाच कशी बाधेल?

तर पाणी आंबटाकडे आणायला मी सिरका आणला. तू लिहिलं होतंस थोडा थोडा घाला, रोज पट्टी बघा. मी म्हटलं, कशाला घोळ घालायचा, आणि दोन घागरी एकदम ओतल्या. बाजारातून नवे मासे आणून त्याच दिवशी सोडले. सकाळी तेही मेले. दौलत कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "लोणचं घालायचं होतं तर मीठ मागायचं होतं माझ्याकडे."

आई ठीक आहे. परवा आशमध्ये मीठ दोनदा पडलं, पण या वयात कोणाचं पडत नाही. तंदूरवाल्याकडे रोटी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही. दौलत तिला हाताला धरून घेऊन आली. गप्पा मारत बसली होती, दुसरं काही नाही.

तीरअंदाज

ताफ्त, १५ तीर

सीमीन,

तुझी खरडपट्टी पोचली. "माशांना सामू मारत नाही बाबा, तुमची घाई मारते. पाणी एका दिवसात उतरवायचं नसतं हे कितीदा लिहायचं?" चार वर्षांनी तू मला बाबा म्हणालीस आणि ते शिव्या द्यायला. मी ती ओळ तुझ्या आईला जशीच्या तशी वाचून दाखवली. ती इतकी हसली की ओढणीने डोळे पुसावे लागले तिला.

तुझ्या सांगण्यावरून हौद रिकामा केला. भिंती सिरक्याने घासल्या, भरला, सोडला, पुन्हा भरला. आपली पाण्याची पाळी आठवड्यातून एकदा येते, ती दोन आठवडे हौदालाच गेली आणि डाळिंबं तहानलेली राहिली. पण पट्टी आठवर आली. मी उस्ता गुलामला बोलावून दाखवली आणि त्याच्या सिमेंटचा उद्धार केला. तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहिला.

आणि आज पट्टी पुन्हा जांभळी.

शेवाळ नाही, मी काढलं आहे. भुयारी पाटाचं पाणी आपल्या दारात येतं तिथे तपासलं, ते आठच्या आत आहे. दौलतच्या हौदाचं तपासलं, तेही ठीक. म्हणजे जे काही बिघडतंय ते आपल्याच आवारात. हौदाच्या ज्या कोपऱ्याकडे बेह आहे तिथे सगळ्यात जास्त. बेहचीही तीच गत. तू पाठवलेलं लोहाचं औषध पानांवर फवारलं, आठवडाभर हिरवी झाली, मग पुन्हा केवडा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं काहीतरी चाललं आहे. मी गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं, उदाहरण सुटत नाही तेव्हा कुठलातरी आकडा कोणीतरी लपवलेला असतो. कोण लपवतंय ते कळत नाही.

तीरगान झाला. पोरांनी गल्लीत एकमेकांवर पाणी उडवलं. तुझ्या आईने हौदातून तांब्या भरून माझ्या डोक्यावर ओतला. माझा धुतलेला सदरा, आणि ती म्हणते, "मास्तर, गृहपाठ भिजला." लग्नाच्या पहिल्या वर्षी ती असंच म्हणाली होती. मला फार बरं वाटलं. मग तिने तांब्या खाली ठेवला आणि दाराकडे बघत विचारलं, "सीमीन अजून शाळेतून आली नाही?"

हे लिहायचं नव्हतं. शाईने लिहितो आहे, खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील. थट्टा करत असेल. ती थट्टेखोर आहेच.

तीरअंदाज

ताफ्त, २८ मुर्दाद

सीमीन,

उदाहरण सुटलं. न सुटतं तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात एका सकाळी नेहमीपेक्षा लवकर जाग आली. फटफटत होतं. शेजारचं अंथरूण रिकामं. खिडकीतून बघतो तर तुझी आई डोक्याला ओढणी घट्ट बांधून अंगणात. हातात आपला तो जुना तांब्याचा डबा, चुलीतली राख भरून ठेवायचा. बेहच्या बुडाशी बसून ती मुठीमुठीने राख पसरत होती, बाळाला पावडर लावावी तशी हलक्या हाताने, आणि तोंडाने आशेम वोहूची प्रार्थना पुटपुटत होती. डबा रिकामा झाला, मग उठून हौदाच्या काठाशी गेली, डबा आणि हात पाण्यात खळबळून धुतले, आणि पाणी तिथेच झाडाच्या दिशेने शिंपडलं.

तुला माहीत आहे आपल्या जरथुश्ती घरची रीत. विस्तवाची राख उकिरड्यावर जात नाही, कोणाच्या पायाखाली येत नाही, झाडाच्या बुडाशी जाते. सदेनंतर एकदा. ती रोज घालत होती.

मी खाली गेलो. विचारलं, "फरंगीस, काय करतेस?"

"सदे झाला ना," ती म्हणाली. "झाडाला राख घालायची राहिली होती. वर्षातून एकदा तर घालायची. तुमच्या लक्षात कुठलं राहायला."

"काल घातलीस?"

"काल कशी घालीन? आज आठवण झाली."

तिच्या बोटांच्या पेरांत कालची, परवाची, कितीतरी दिवसांची राख बसली होती. मी पंचवीस वर्षं पोरांच्या तोंडाकडे बघून खोटं ओळखत आलो. ती खोटं बोलत नव्हती.

आपल्या चुलीत एवढी राख निघत नाही. दौलतकडे जाऊन विचारलं तर ती गोरीमोरी झाली. म्हणाली, रोज येऊन तंदुरातली राख मागते, म्हणते मास्तरांनी मागितली आहे. पलीकडच्या तिन्ही घरांतून तेच. सगळ्यांना वाटलं मास्तरांच्या डोक्यात काही नवं खूळ शिरलं असेल. मला कोणी विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. मी सिमेंटला शिव्या दिल्या, पाटाचं पाणी तपासलं, उस्ता गुलामला चारचौघांत उभा केला.

मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं, पण मी मास्तर आहे, चूक दिसली की खूण करतो. म्हटलं, या राखेनेच झाड मरतंय, मासे राखेनेच मेले. ती डबा छातीशी धरून रडली, म्हणाली, "मी सीमीनचं झाड मारलं?" दुपारपर्यंत रडत होती. दुपारी झोपून उठली आणि मला विचारलं, "माझे डोळे का हो चुरचुरतात? धूर झाला होता का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा डबा.

मी डबा लपवला. ती सगळ्या आळीत राख शोधत फिरली. दौलतच्या घरी कोणी नव्हतं आणि तंदूर नुकताच विझत आला होता. तिने आत हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं भाजली आहेत. फोड आलेत, लोणी लावून कापड बांधलं आहे. तिला आठवत नाही कशाने भाजली. मला विचारते, आणि मी म्हणतो, चहाची किटली.

मी मागच्या पत्रांतून लिहिलं, आई ठीक आहे. आई ठीक नाही. नवरोजच्याही आधीपासून नाही. मी तुला कळवलं नाही कारण कळवलं असतं तर तू तिच्यासाठी आली असतीस आणि मला तुझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं. आता काय करू ते सांग. डबा काढून घेतला तर ती हात भाजते, ठेवला तर झाड मारते. आणि झाडाशिवाय तिला दुसरं काही राहिलेलं नाही.

तीरअंदाज

ताफ्त, २४ शहरीवर

सीमीन,

यावेळी तुझं पत्र चार पानांचं. मी ते अंगणात बसून दोनदा वाचलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तिला यज्दला डॉक्टरकडे नेलं. तरुण माणूस, वागायला चांगला. त्याने तिला विचारलं, आज कोणता महिना. ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टर ना, तुम्हाला ठाऊक नाही?" तो हसला, मी हसलो, पण त्याने कागदावर काही लिहिलं. बाहेर येऊन मला सांगितलं ते तूच पत्रात आधी लिहिलं होतंस. उलट फिरणारा आजार नाही.

तू तिच्यासाठी वेगळ्या कागदावर लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. माझा एक शब्द त्यात घातला नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "हे तिचं नाही. तिची पत्रं मोठी असतात. त्यात मुरंब्याचं असतं, आशचं असतं." इतके महिने तुझी पत्रं मीच लिहीत होतो, आणि खरं पत्र आलं तेव्हा ते खोटं ठरलं. तुला वाईट वाटेल. मलाही वाटलं, पण तुला खरं सांगायचं असं आता मी ठरवलं आहे.

आता झाडाचं. तू लिहिलंस की राख बंद झाल्याशिवाय काही उपयोग नाही, आणि वरची राखेची माती खरवडून काढा, गंधक थोडं थोडं घाला, माती उबदार आणि ओली असेल तोवर मातीतले जंतू ते पचवतात आणि चुना हळूहळू उतरतो. एकदम घालू नका. ही ओळ तू दोनदा अधोरेखित केली आहेस. बरं बरं.

माती मी खरवडली. ओंजळीने उचलली तर राखाडी पिठूळ, तळहाताला साबण लागल्यासारखी. किती भरून निघाली ते बघून मी खाली बसलो. एवढी माया एका झाडावर.

मग मला सुचलं. पाटाच्या तळाशी करडा गाळ बसतो ना, तो वाळवला. दौलतने तिच्या पिठाच्या चाळणीने तो चाळून दिला. मी म्हटलं नव्हतं, तीच चाळणी घेऊन आली, आणि कुंपणावरचे टोमणे हल्ली तिने बंद केले आहेत, ते मला मुळीच आवडत नाही. त्या गाळात तू सांगितलेल्या मापाने चिमूट चिमूट गंधक आणि कुजलेल्या पानांचा चुरा मिसळला. करड्यात पिवळं दिसेनासं होतं. संध्याकाळी तिने अंथरुणाला पाठ टेकली की मी डबा भरून चुलीशेजारी ठेवतो. पहाटे ती उठते, डबा घेते, आशेम वोहू म्हणत झाडाच्या बुडाशी पसरते. बाकीच्या घरांना सांगून ठेवलं आहे की राख मागायला आली तर द्यायची नाही, घरी पोचवून दिली म्हणायचं. डबा भरलेला असला की ती मागायला जातच नाही.

हात धुवायला मी काठावर पाण्याची परात ठेवली आहे. हौदात डबा बुडवायचं ती विसरली. काही गोष्टी विसरली तर बरंही असतं.

आयुष्यभर मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावले. आता रोज संध्याकाळी एक खोटं चाळून डब्यात भरतो.

तीरअंदाज

ताफ्त, मेहरगानचा दुसरा दिवस

सीमीन,

आधी तुझ्या कामाचं सांगतो. बेहच्या बुडाची माती साडेआठच्या खाली उतरली आहे. हौद आठवर थांबला, दोन आठवडे हललेला नाही. मी नवे मासे आणले, आणि यावेळी तू लिहिलंस तसं पिशवीतलं पाणी आणि हौदाचं पाणी थोडं थोडं एक करत अर्धा दिवस घालवला. दौलत म्हणाली, "मास्तर, लेकीने तुम्हाला माणसाळवलं." मासे जिवंत आहेत. सावलीकडच्या कोपऱ्यात घोळक्याने असतात, भाकरीचा चुरा टाकला की वर येतात.

झाडाला शेंड्याकडे नवी पालवी आली, हिरवी. जुनी पिवळी पानं तशीच आहेत, ती काही सुधारायची नाहीत. पण फळ धरलं आहे. फार नाही, एवढ्या हालअपेष्टांत जेवढं धरलं तेवढं. फळावरची लोकर झटकली की खाली पिवळं सोनेरी दिसतं. अंगणात शिरलं की वास येतो, तोच वास, तुझ्या कपाटात आई ठेवायची ना एक एक.

काल मेहरगानची सिरोग रोटी तळायला दौलत आली होती, कारण तुझ्या आईला आता तेलाजवळ जाऊ देत नाही. मी झाडाखाली खुरप्याने माती भुसभुशीत करत बसलो होतो. अंगावर जुना सदरा, डोक्याला फडकं. तुझी आई बाहेर आली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. फळाला हात लावून बघितलं. मग माझ्याशी बोलली, अगदी अदबीने, परक्या पुरुषाशी बोलावं तशी ओढणी सावरून.

"बागवानदादा, तुमच्या हाताला गुण आहे," ती म्हणाली. "आमचं झाड गेलंच होतं."

मी खुरपं चालवत राहिलो.

"आमचे मास्तर शाळेत गेलेत. ते असते तर तुम्हाला चहा दिला असता. तोंडाने कडू आहेत, पण माणूस चांगला आहे. माझी लेक येणार आहे बेह पिकलं की. तिचं आणि मास्तरांचं बोलणं नाही. तुम्ही फळ तोडू नका हं. ती आली की तीच तोडेल, मग मास्तरही खातील."

मी म्हणालो, "नाही तोडणार, बाई."

चाळीस वर्षांत मी तिला बाई म्हटलं नव्हतं. ती समाधानाने आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. दौलतने सिरोगची थाळी माझ्या शेजारी आणून ठेवली आणि परत तळायला गेली.

पोरी, मला विसरली त्याचं मला दुःख नाही असं मी लिहिणार नाही. फार आहे. पण तुझी वाट बघायला ती विसरलेली नाही. अजून नाही. डॉक्टर म्हणाला, तेही जाईल, कधी ते सांगता येत नाही. गंधक टाकून ते खाली आणता येत नाही किंवा वर चढवता येत नाही. मी रोज डब्यात एक खोटं भरतो, त्याने झाड जगलं. दुसरं खोटं मी तिला तोंडाने सांगतो, की तू येणार आहेस. तेवढं एक तू खरं कर.

आणि सईदला घेऊन ये. हे नाव मी मुद्दाम स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे, म्हणजे वाचताना तुम्हा दोघांचीही चूक व्हायला नको. त्याला सांग, आमच्याकडे परातीत हात धुवायचे असतात, हौदात नाही. कारण विचारलं तर मी सांगेन.

बेह थंडी कडक होईपर्यंत झाडावर टिकतं, मग देठ सोडतं. मी एकही तोडलेलं नाही.

तुम्ही याल तेव्हा दार मीच उघडीन. आई आतून विचारेल, कोण आलं, आणि मी म्हणेन, बाई, तुमची लेक आली. त्या वेळी हसायचं नाही, रडायचंही नाही. सरळ झाडाकडे जायचं.

बाबा